परतलेला पदवीधर आणि मराठी कादंबरी

एखाद्या भाषेत कोणत्या गोष्टीला शब्द आहे आणि कोणत्या गोष्टीला नाही, यावरून ती भाषा बोलणाऱ्यांनी आयुष्याकडे कोठून पाहिले हे बरेचसे कळून येते. मराठीत मुलगी माहेरी येते. तिला माहेरवाशीण म्हणतात, तिच्या येण्याचे सण ठरलेले आहेत, आणि जात्यावरच्या ओव्यांचा मोठा भाग तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला आहे. मुलगा घरी परत येतो त्याला मात्र शब्द नाही. कारण उघड आहे. मुलाने घर सोडून जावे ही गोष्ट आपल्या जुन्या कुटुंबरचनेने कधी गृहीतच धरली नव्हती. जो गेलाच नाही त्याच्या परतण्याला नाव कोण ठेवणार? परंतु आज तो जातो, शिकण्यासाठी जातो, पदवी घेतो, आणि पुष्कळदा पदवी घेऊन आईबापांच्या घरी परत येतो. या परतण्याचे आपल्या वाङ्मयाने काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय केवळ वाङ्मयीन नाही, हे नांदेड व लातूर या दोन शहरांत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. गेल्या तीन-चार दशकांत ही दोन्ही शहरे शिक्षणाची पेठ बनली. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर झाला. उदगीर, निलंगा, अहमदपूर, मुखेड, देगलूर, किनवट अशा गावांहून दहावी झालेली मुले येथे येतात. कित्येकदा मुलाबरोबर आईही येते, दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याला वेळेवर डबा देते, आणि वडील गावी एकटे हाताने भाकरी थापतात. अर्थात मुलगा घराबाहेर पडण्यापूर्वी घरच मुलामागून बाहेर पडलेले असते. पुढे मुलगा पुण्यास जातो. पदवी होते, मग स्पर्धापरीक्षेची अभ्यासिका, सदाशिव पेठेतील खाटेपुरती जागा, एक प्रयत्न, दुसरा प्रयत्न, तिसरा. आणि सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी पनवेलहून पुण्यावरून येणाऱ्या नांदेडच्या गाडीत वळकटी व पुस्तकांचे पोते टाकून तो घरी येतो. लग्नकार्यात कोणी विचारले की आई उत्तर देते, ‘अभ्यास चालू आहे.’

हे तीन शब्द मराठवाड्यातील किती घरांची लाज राखीत असतील! त्यांत आईची माया आहे, मुलाला लोकांसमोर उणे पडू न देण्याची धडपड आहे, आणि स्वतःचीच समजूत घालणेही आहे. राज्यशासनाने २०१६ साली नोकरीच्या वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८ वर आणि मागास प्रवर्गांसाठी ३८ वरून ४३ वर नेली. निर्णय सद्हेतूचा होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, हे उत्तर पुष्कळ अधिक वर्षे खरे राहू शकते. दार पुरते मिटत नाही आणि पुरते उघडतही नाही. अशा दारात उभा असलेला माणूस हा कादंबरीचा विषय नाही, तर दुसरे काय कादंबरीचा विषय आहे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. मराठी कादंबरीने या परतलेल्या पदवीधराचे मन वाचले आहे, काही ठिकाणी फार चांगले वाचले आहे. परंतु तो ज्या घरात परततो ते घर तिने वाचलेले नाही. परतणे म्हणजे हार, आणि घर म्हणजे हार पत्करण्याची जागा, एवढ्यावर ती थांबली. आणि आपल्या टीकाकारांनी तर तेवढेही पाहिले नाही.

मराठीत शब्द नाही असे वर म्हटले. संस्कृतात तो होता, आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. गुरुगृही विद्या संपवून शिष्य घरी येई त्या संस्काराला समावर्तन म्हणत. समावर्तन म्हणजे परत फिरणे. ज्या समारंभाने विद्या पुरी झाली असे मानीत, त्याचे नावच मुळी घरी परतण्यावरून पडले, ही गोष्ट आपण विसरलो. त्या प्रसंगी स्नान करावयाचे म्हणून तो स्नातक. आज पदवीधराला स्नातक म्हणतात, पण परतण्याचा अर्थ गळून गेला. मराठी घरांत या संस्काराचा अवशेष सोडमुंज या नावाने उरला आहे, तोही बहुधा लग्नाच्या आधी घाईघाईने उरकण्यापुरता.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. बाराव्या वर्षी गुरुगृही गेलेला श्वेतकेतू चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून घरी येतो, तो ताठून. बापाच्या ते ध्यानात येते. उद्दालक आरुणी मुलावर रागावत नाही, त्याचे कौतुकही करीत नाही. तो त्याला एक प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मुलाजवळ नसते. तेथून पुढे वडाचे फळ आणि पाण्यात विरघळलेले मीठ अशा घरगुती वस्तू हाती घेऊन पितापुत्रांचा जो संवाद चालतो, तो आपल्या तत्त्वज्ञानाचा कळस समजला जातो. तत्त्वज्ञान क्षणभर बाजूस ठेवले, तरी कथेची मांडणी पाहावी. मुलाचे खरे शिक्षण तो घरी परतल्यावर सुरू होते, आणि ते बापाशी बोलण्यातून होते. परतण्यात येथे कमीपणा नाही. मात्र परतलेल्याशी बोलणारे कोणी घरात असावे लागते.

ही परंपरा सर्वांची नव्हती, हे येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना गुरुगृह नव्हते त्यांना समावर्तनही नव्हते. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या १९८७ सालच्या आत्मकथनात पोर शाळेत गेले म्हणून पाड्यावर रोगराई आली असे जातीतील वडीलधारे मानतात. तेथे शाळेतून घरी परतणे हेच संकट आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर आले नाही, त्या घरात पहिला शिकलेला मुलगा परततो तेव्हा बापाजवळ उद्दालकाचा प्रश्न कोठून असणार? त्याच्याजवळ दुसरे प्रश्न असतात, आणि ते अधिक अवघड असतात. कर्ज केव्हा फिटणार, बहिणीचे केव्हा करावयाचे, एवढ्या शिक्षणाचे झाले काय? हे प्रश्नही संवादाला जन्म देऊ शकतात. आपल्या कादंबरीने तो संवाद ऐकला का, हे पाहावयाचे आहे.

त्याआधी परतण्याचा अर्थ आपल्याकडे केव्हा व कसा पालटला हे दोन शब्दांत सांगतो. निजामाच्या राज्यात नांदेड व लातूर या भागांतील मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, त्याचे माध्यम उर्दू होते. ज्याला ऐपत होती तो पुण्यास किंवा नागपुरास जाई. १९३८ साली वंदे मातरम्‌ म्हटल्यावरून उस्मानियातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आधार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या काळी पदवी घेऊन घरी परतलेला तरुण वकील होई, शिक्षक होई, चळवळीत पडे. गाव त्याच्याकडे काही तरी घेण्यासाठी येई. पदवी दुर्मीळ होती म्हणून परतणे भूषणाचे होते. १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, लातूरला १९६१ साली दयानंद व १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले, आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले. विद्या दारात आली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण पदव्या वाढल्या त्या मानाने कामे वाढली नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या सहकार्याने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक अहवालात, २०२२ सालच्या तरुण पदवीधरांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के आणि निरक्षर तरुणांतील ३.४ टक्के दिले आहे. शिकल्याने काम मिळते असे मानणाऱ्या घरांना हा आकडा वाचूनही समजणार नाही. तो त्यांच्या घरात बसलेला आहे.

आता कादंबरीकडे वळू. परतलेल्या पदवीधराची पहिली मोठी मराठी कादंबरी म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. ती १९६३ साली निघाली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातील सांगवीहून पुण्यास जातो, वसतिगृहात राहतो, खानावळीच्या व स्नेहसंमेलनाच्या भानगडीत पडतो, पैसे घालवतो, परीक्षेत नापास होतो आणि अखेर सांगवीला परत येतो. या कादंबरीच्या भाषेविषयी इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालण्याचे कारण नाही. पण तिच्या घटनेकडे पाहा. पुण्याचे आयुष्य जेवढ्या बारकाईने, जेवढ्या विनोदाने आले आहे, तेवढ्या बारकाईने सांगवीचे घर येत नाही. परतल्यावर गाव येते. गावातले रिकामे, शिकलेले, अर्धवट शिकलेले सोबती येतात. त्यांच्या बैठका येतात. घरात जे चालले असेल ते मात्र पांडुरंगाच्या डोळ्यांसमोरून गेले तेवढेच येते. मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग हा मराठी गद्यातील अत्यंत हृदयद्रावक भागांपैकी एक आहे. त्या दुःखात घर क्षणभर उजळून दिसते आणि पुन्हा अंधारते. वडील तर बहुतेक सर्वत्र पैशाचा हिशेब मागणारे, सत्ता गाजवणारे असे पाठमोरेच दिसतात.

निवेदन प्रथमपुरुषी आहे, त्यामुळे हे असेच होणार, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पंचवीस वर्षांच्या मुलाला बाप समजत नाही हेच लेखकाला दाखवावयाचे असेल, तर त्याने ते यशस्वीपणे दाखवले आहे. म्हणून हा दोष मी ‘कोसला’च्या पदरी घालीत नाही. दोष नंतरच्यांचा आहे. पांडुरंगाची नजर ही एका मुलाची नजर होती. पुढील अनेक लेखकांनी ती मराठी कादंबरीचीच नजर समजून उचलली, आणि टीकाकारांनी तिला अस्तित्ववाद असे भारदस्त नाव देऊन पॅरिसच्या वाटेने तिचा शोध घेतला. सांगवीच्या ओसरीवरून तो घेण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नाही. पुण्यात नापास झालेला मुलगा घरी आला त्या रात्री त्या घरातील दुसरी माणसे काय बोलली, काय बोलली नाहीत, हा प्रश्न विचारण्यास तत्त्वज्ञानाची जरुरी नव्हती. तो विचारावयास फक्त आपण कोणाचे तरी आईबाप असावयास हवे होते.

दुसरी कादंबरी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. ती २००२ साली प्रसिद्ध झाली व तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची भूमी बुलढाण्याकडची, म्हणजे मराठवाड्याच्या बांधाला लागलेली. तिच्यातील दुःख तर या बाजूचे त्या बाजूस सहज फिरते. एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला आहे. शिक्षकाची नोकरी मिळावयाची तर संस्थेला देणगी द्यावी लागते. ती देण्याची ऐपत नाही. म्हणून तो घरी शेती करतो. शहरवळणाची शिकलेली बायको, अलका, या घरात रमत नाही, आणि निघून जाते. ‘कोसला’च्या मानाने येथे घर भरलेले आहे. आजी आहे, आई आहे, बाप सुभानराव आहे, भाऊ आहे. त्यांना तोंडे आहेत, त्यांची बोली आहे, त्यांचे राग आहेत. शिकलेल्या मुलाची घरातील किंमत रोजच्या बोलण्यातून कशी उतरत जाते, हे देशमुखांनी ज्या धीराने दाखवले आहे, त्याला मराठीत जोड थोडी.

तरीही एक गोष्ट राहते. ‘बारोमास’मधील घरावर शेतीचे संकट इतके जड होऊन बसले आहे की, घरातील प्रत्येक बोलणे शेवटी पावसाकडे, भावाकडे आणि कर्जाकडे जाते. हे वास्तवच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे वाचक एकनाथाचे परतणे हे शेतकऱ्याच्या दुःखाचे एक प्रकरण म्हणून वाचतो, आणि टीकाकारांनीही या कादंबरीला ग्रामीण साहित्याच्या फडताळात नीट घडी घालून ठेवून दिले. परतलेल्या मुलाचे आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या आईबापांचे नाते हा विषय पुन्हा एकदा दुसऱ्या विषयाच्या पोटात गडप झाला.

शिवाय एकनाथाला निदान औत तरी आहे. हाताला काम आहे, घाम आहे, पाऊस न पडल्याची तक्रार करण्याचा हक्क आहे. नांदेड-लातूरच्या मध्यमवर्गीय घरात परतलेल्या पदवीधराला हेही नाही. बाप जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, किंवा पाटबंधारे खात्यात कारकून, किंवा आडतीवर मुनीम. बापाची नोकरी मुलाला चालवता येत नाही. शेतकऱ्याचा मुलगा शेतात, दुकानदाराचा मुलगा दुकानात लपू शकतो. शिक्षकाच्या मुलाला लपावयास त्याची खोली तेवढी आहे, आणि तिचे दार उघडे ठेवावे की लावावे याचाही घरात अर्थ निघतो. बापाच्या सेवानिवृत्तीची तारीख आणि मुलाच्या परीक्षेची तारीख एकाच दिनदर्शिकेवर टांगलेली असते. सकाळी वर्तमानपत्र प्रथम कोणी उचलावे, पाहुणे आले असता मुलाने बाहेर यावे की आत राहावे, दुसरा चहा मागावा की नाही, धाकटीचे स्थळ पाहावयास लोक येतील त्या दिवशी थोरल्याची ओळख काय म्हणून करून द्यावी, असल्या शेकडो बारीक गोष्टींनी हे घर चालते. कोणी कोणावर ओरडत नाही. ओरडले असते तर बरे झाले असते, असे दोन्ही पक्षांस वाटते. हे घर मराठी कादंबरीत कोठे आहे? मला ते सापडलेले नाही. निदान ‘कोसला’ किंवा ‘बारोमास’ यांच्या तोलाच्या कृतीत नाही.

असे घर लिहिता येते, हे पटावे म्हणून एका परदेशी कादंबरीचा दाखला देतो. तुर्गेनेवची ‘पिता आणि पुत्र’ १८६२ साली निघाली. तिचा आरंभच मुळी पदवी घेऊन घरी येणाऱ्या मुलाची वाट पाहत रस्त्यावर बसलेल्या बापापासून होतो. ही कादंबरी नव्या-जुन्या मतांच्या झगड्यासाठी गाजली, बझारॉव्ह हा नायक शून्यवादाचे प्रतीक झाला, आणि आमच्या पिढीने महाविद्यालयात ती इंग्रजीतून वाचली तीही त्याच दृष्टीने. परंतु वय वाढल्यावर ती पुन्हा वाचावी. मग बझारॉव्हची मते मागे पडतात आणि त्याचे आईबाप पुढे येतात. तीन वर्षांनी मुलगा घरी आला आहे. म्हाताऱ्या वासिली इव्हानोविचला आनंद आवरत नाही, पण मुलाला त्याचा जाच होईल म्हणून तो आनंद लपवतो. बायकोला सांगतो, त्याच्यापुढे फार रडू नकोस. मुलगा तीनच दिवसांत कंटाळून निघून जातो. पुढे तो पुन्हा येतो, राहतो, आणि त्या वेळी सारे घर त्याच्या भोवती चवड्यांवर चालते. आईची प्रश्न विचारण्याची छाती होत नाही. आपल्याच मुलाची भीती वाटणे ही काय वस्तू आहे, हे तुर्गेनेवने त्या काही पृष्ठांत सांगून टाकले. त्याने मुलाला लहान केले नाही आणि आईबापांना हास्यास्पद केले नाही. दोघांनाही एकाच वेळी पाहता येते, एवढेच त्याने सिद्ध केले. कादंबरीच्या शेवटी कबरीजवळ गुडघे टेकून बसलेली ती दोन म्हातारी माणसे पाहिली म्हणजे कळते की, पुस्तकाच्या नावात पिता हा शब्द आधी का आहे.

यावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा की, आपल्याकडे मोठे झालेले मुलगे आईबापांजवळच राहत आले. यात नवे ते काय? पाश्चात्त्यांना याचे आश्चर्य वाटेल, आपल्याला का वाटावे? आक्षेप वरवर बरोबर आहे. पण एकत्र कुटुंबातील मुलगा घरी होता तो काही चालवण्यासाठी: शेत, दुकान, पौरोहित्य, वतन. त्याचे असणे ही घराची गरज होती. आजच्या मुलाला घराने मुद्दाम, कर्ज काढून, दागिने मोडून बाहेर पाठवले ते परत येऊ नये म्हणून. त्याचे परत येणे हे घराने रचलेल्या बेताचे मोडणे आहे. छप्पर तेच, माणसे तीच, पण नाते निराळे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त, १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात, बापाच्या मरणानिमित्त मुंबईचा मुलगा वाड्यात येतो तेव्हा घरी राहिलेले आणि बाहेर गेलेले यांचा जो हिशेब निघतो, तो या बदलाच्या उंबरठ्यावरचा आहे. तेथे बाहेर गेलेला यशस्वी समजला जातो आणि घरी राहिलेले अडकलेले. बाहेर जाऊन परत आलेला, हे तिसरे माणूस त्या वाड्यात अजून यावयाचे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाचे दुःख खरे, त्याची उमेदीची वर्षे जातात. अशा वेळी आईबापांच्या बाजूने बोलणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडून घरातल्या घरात भांडण लावणे नव्हे काय? माझे उत्तर असे की, घर न लिहिल्यानेच व्यवस्था मोकळी सुटते. भरती निघत नाही, निघाली तर पेपर फुटतो, देणगी मागितली जाते. या साऱ्याचा राग शासनापर्यंत पोचत नाही. तो रात्रीच्या जेवणाच्या ताटापर्यंत पोचतो. बाप मुलाला आळशी समजतो, मुलगा बापाला निर्दय समजतो, आणि ज्यांनी दोघांना या स्थितीत आणले ते दोघांच्याही डोळ्यांआड राहतात. ताटावरच्या त्या शांततेचे यथार्थ चित्र जो काढील, तो आपोआप दाखवील की, त्या ताटाभोवती बसलेल्यांपैकी कोणीच गुन्हेगार नाही. वाङ्मय एवढे करू शकते, आणि एवढे त्याने करावे.

मुलींचा विचार अद्याप आला नाही, आणि मराठी कादंबरीत तो जवळजवळ आलेलाच नाही. लातूर-नांदेडहून मुली आता मुलांइतक्याच ईर्षेने पुण्यास जातात आणि त्यांच्यासारख्याच परततात. ज्या भाषेने मुलीच्या माहेरी येण्यावर इतकी माया उधळली, त्या भाषेला सासर होण्यापूर्वीच माहेरी आलेल्या पदवीधर मुलीचे काय करावे ते समजत नाही. तिचा अभ्यास मुलापेक्षा लवकर ‘पुरे’ होतो. मुलाला विचारतात, निकाल केव्हा? तिला विचारतात, स्थळे पाहताय ना? एकाच घरात, एकाच परीक्षेत, एकाच गुणांनी मागे राहिलेल्या भावाबहिणींच्या परतण्याला घर दोन निरनिराळ्या तऱ्हांनी वागवते, ही एकच गोष्ट एका संपूर्ण कादंबरीचे बीज आहे.

परतणे म्हणजे पराभव, हे समीकरण निदान मराठवाड्यातील लेखकांनी तरी डोळे मिटून मान्य करू नये, कारण त्यांच्याच भूमीत त्याचे खंडन करणारी उदाहरणे आहेत. ना. धों. महानोर जळगावच्या महाविद्यालयात वर्षभर शिकले आणि पळसखेडला शेतावर परतले. १९६७ साली निघालेल्या ‘रानातल्या कविता’ त्या परतण्याने मराठीला दिल्या. नरहर कुरुंदकर महाविद्यालयीन शिक्षणासाठी हैदराबादला गेले, इंटरच्या परीक्षेत अपयशी ठरले, नांदेडला शाळामास्तर झाले, पदव्या मागाहून घेतल्या, आणि पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक व प्राचार्य म्हणून १९८२ पर्यंत मराठवाड्याच्या विचाराला त्यांनी वळण दिले. प्रत्येक परतलेला महानोर किंवा कुरुंदकर होईल, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करीत नाही. माझे म्हणणे इतकेच की, ज्या वर्षी हे दोघे परतले त्या वर्षी त्यांच्याकडे पाहून ‘फुकट गेला’ असे म्हणणे कोणालाही सोपे होते. ते वर्ष कोणत्याही परतलेल्याच्या आयुष्यातील शेवटचे वर्ष नसते. कादंबरीकार मात्र बहुधा त्याच वर्षी आपले पुस्तक संपवतात.

हा प्रश्न आता आपल्या एकट्याचा राहिलेला नाही. २०२० च्या जुलैत, साथीच्या काळात, अमेरिकेत १८ ते २९ वयाच्या तरुणांपैकी ५२ टक्के आईबापांजवळ राहत होते, असे तेथील प्यू संस्थेने मोजले. इतर भाषांनी या माणसासाठी शब्दही केले आहेत. जपानात १९९० नंतरच्या दशकात यामादा या समाजशास्त्रज्ञाने त्याला परोपजीवी अविवाहित म्हटले. इटलीत २००७ साली अर्थमंत्र्यांनी त्याला ‘बांबोच्चोनी’, म्हणजे घोडी बाळे, म्हटले आणि देशभर गदारोळ झाला. इंग्रजीत तो फेकला तरी परत येणारा बूमरँग झाला. तिन्ही शब्द हिणवणारे आहेत, आणि तिन्ही त्याला बाहेरून पाहणाऱ्यांनी केलेले आहेत. मराठीत असा शब्द अजून रुळला नाही, हे आपले भाग्य समजावे. शब्दाची जागा रिकामी आहे तोवर ती कोणी भरावी याची निवड आपल्या हाती आहे. टवाळखोराने भरली तर शिवी येईल. लेखकाने भरली, ज्याने त्या घरातील दोन्ही खोल्यांत बसून पाहिले आहे अशा लेखकाने भरली, तर समावर्तनासारखा शब्द पुन्हा जिवंत होऊ शकेल: परत येणे हा शिक्षणाचाच एक भाग आहे, आणि तो भाग एकट्या मुलाने शिकावयाचा नसून आईबापांनीही त्याच्याबरोबर शिकावयाचा आहे, असे सांगणारा.

नांदेड आणि लातूर येथील तरुण लेखकांकडून, मग ते स्वतः परतलेले असोत की परतलेल्यांचे शेजारी, ही अपेक्षा करणे गैर होणार नाही. साहित्य त्यांच्या घरात आहे. त्यासाठी पुण्यास जाण्याचे कारण नाही. गेले असतील, तर ते लिहिण्यासाठी घरी यावे लागेल.